सदतिसावा चौकोन

ल्याव सूयुएनने आयुष्यातली अकरा वर्षं एका पानाच्या अभ्यासात घालवली. ते पान दर वर्षी घरोघर फुकट वाटलं जातं, हे तिची आई आल्यागेल्याला आवर्जून सांगायची.

पान पंचांगाचं होतं, शेवटचं. तैवानात वर्ष संपत आलं की देऊळ, किराणा दुकान, गावचा पुढारी, जो तो पंचांग वाटतो आणि घरोघरच्या स्वयंपाकघरात ते खिळ्याला टांगलं जातं. आतली पानं मुहूर्तांची. शेवटच्या पानावर विरुद्ध आहाराचा तक्ता: आडवे आठ, उभे सहा, एकूण अठ्ठेचाळीस चौकोन. प्रत्येक चौकोनात दोन पदार्थांची चित्रं, ते एकत्र खाल्ले तर काय होईल, आणि झालंच तर उतारा कोणता.

सूयुएन पंचावन्न वर्षांची होती आणि तैपेईच्या एका विद्यापीठात विज्ञानाचा इतिहास शिकवायची. चुकीची माहिती शास्त्राचा अंगरखा घालून सरकारी कागदात कशी शिरते, हा तिचा विषय. कुणी काही सांगितलं की "हे कुठून कळलं?" असं विचारायची तिला खोड होती. एका भाचीच्या लग्नात कुणीतरी म्हणालं, नवरा मुलगा सिगारेटला शिवत नाही. सूयुएनने विचारलं, "हे कुठून कळलं?" त्या टेबलावर सूप थंड होईपर्यंत कुणी बोललं नाही. पुढच्या लग्नात तिला लहान मुलांच्या टेबलावर बसवलं गेलं.

अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस चौकोनांचं मूळ तिने शोधून काढलं होतं. कांदा आणि मध वैद्यकाच्या जुन्या पोथीतून आलं होतं, केळं आणि अळकुडी एका वर्तमानपत्रातल्या बातमीतून; लिहिणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नव्हतं. राहिला होता सदतिसावा. त्यात पेरू आणि शेंगदाण्याची चिक्की होती. परिणाम: पोटात मुरडा, ओकारी, चेहरा हिरवट. उतारा: भाजलेल्या जवाचं गार पाणी, आणि डाव्या कुशीवर तासभर झोप. हा डाव्या कुशीचा उतारा दुसऱ्या कुठल्याही चौकोनात नव्हता, कुठल्याही पोथीत नव्हता. तो शोधायला सूयुएन दोन महिने टोकियोच्या ग्रंथालयात बसून आली. तिथे उजव्या कुशीचे तीन उल्लेख सापडले. डाव्या कुशीचा एकही नाही.

हे सगळं विद्वानांपुरतं राहिलं असतं. पण १९९८ साली जिल्ह्याच्या शाळा-भोजन समितीने तो तक्ता जसाच्या तसा नियमावलीला जोडला होता. तेव्हापासून दोनशे बारा शाळांच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी अठ्ठेचाळीस चौकोनांवर खुणा करून मगच चूल पेटायची. जिल्ह्यात पिकतात मुख्यत्वे दोन गोष्टी, पेरू आणि शेंगदाणे. मुलांना त्या कधी एका दिवशी मिळत नसत.

समितीचे अधिकारी त्सेंग हे समजूतदार गृहस्थ होते. ते सूयुएनला फोनवर म्हणाले, "बाई, पुरावा नाही हे मला कळतं. पालकांना नाही कळत. ते पंचांग समोर धरून फोन करतात. तुम्ही मला एक चौकोन असा दाखवा, की तो कुणी लिहिला, कधी लिहिला, कशासाठी लिहिला. नावगावासकट. एक खांब पडला की मांडव पाडायचं मी बघतो."

सुनावणी मंगळवारी होती. आणि सूयुएनची अडचण अशी होती की, खांब कुणी पुरला हे तिला दोन वर्षांपासून माहीत होतं.

सदतिसाव्या चौकोनातल्या पेरूला दोन पानं होती, त्यातलं डावं टोकाशी तुटलेलं. हा चौकोन पहिल्यांदा दिसतो तो १९७३च्या एका पंचांगात. त्याच पंचांगात आठव्या पानावर फळांच्या एका व्यापाऱ्याची जाहिरात होती, आणि तिच्यातल्या पेरूचंही डावं पान तुटलेलं होतं. ठसा एकच. पंचांगावर छापखान्याचं नाव होतं: ल्याव मुद्रणालय, शिचियाओ गाव. म्हणजे तिचं माहेर.

तिचे वडील एक्क्याऐंशी वर्षांचे होते. गाव त्यांना वांगकाका म्हणे. त्यांच्या पंचांगाच्या पहिल्या पानावर दर वर्षी ठळक अक्षरात एकच ओळ असायची: 'चूक दाखवा, तांदळाचं पोतं न्या.' दर वर्षी नवं पोतं आणून ते दुकानाच्या दारात ठेवत, वर्षअखेर आई ते शिजवायला घेई. पन्नासहून अधिक वर्षांत पोतं कुणी नेलं नव्हतं. एका निवृत्त मास्तरांनी एकदा पौर्णिमेची तारीख चुकली म्हणून दावा केला होता. वांगकाकांनी त्यांना गच्चीवर नेऊन चंद्र दाखवला.

म्हणून सूयुएनने त्या दोन पेरूंचा कागद दोन वर्षं खणात ठेवला. विद्यार्थ्यांना ती शिकवायची की स्रोत लपवणं हे खोटं लिहिण्याइतकंच वाईट. शिकवताना तिला तो खण आठवायचा.

शनिवारी सकाळी ती शिचियाओला पोचली तेव्हा वडील दुकानात भिंग घेऊन पुढच्या वर्षाचं प्रूफ वाचत होते. मागे छपाईच्या जुन्या, शिशाच्या खिळ्यांची कपाटं तशीच होती, आता त्यांच्यावर कागदाची रिमं रचलेली.

"आबा, एक दाखवायचंय."

"वाचतोय."

ती थांबली. पान संपल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवलं. तिने दोन्ही पेरूंचे मोठे केलेले फोटो समोर ठेवले.

"हे पान बघा. तुटलंय ना?"

"तुटलंय."

"दोन्हीकडे सारखंच तुटलंय."

"पेरूचं पान आहे. तुटतं."

"आबा, ठसा तुमचा आहे."

वडिलांनी भिंग उचललं आणि फोटोंवरून सावकाश फिरवलं. घाई नव्हती. "शाई जास्त लागलीय," ते म्हणाले. "तेव्हा पाऊस होता."

"हा चौकोन तुम्ही कुठून घेतला?"

"पोथीतून. जुनं ज्ञान आहे."

"कुठल्या पोथीतून?"

"जुन्या."

"आबा, मी सगळ्या पोथ्या पाहिल्यात."

"मग नीट पाहिल्या नसतील," असं म्हणून त्यांनी पुढचं प्रूफ ओढलं. ते पान त्यांनी चार वेळा वाचलं. त्यावर फक्त एका बँकेचा पत्ता होता.

जेवणानंतर आईने मागच्या खोलीत ताटली आणली. पेरूच्या फोडी, वर सुकवलेल्या आलुबुखाराची पूड भुरभुरलेली, आणि शेजारी शेंगदाण्याच्या चिक्कीचे तुकडे. सूयुएनने बोलता बोलता फोड उचलली, खाल्ली, चिक्कीकडे हात नेला. हात तिथेच थांबला.

आई बघत होती. "का गं? खा की."

"पोट भरलंय."

"अकरा वर्षं लोकांना सांगतेस, काही होत नाही म्हणून. दोनशे शाळांना सांगायला निघालीस."

"होत नाहीच."

"मग खा."

सूयुएनने मनाशी हिशेब केला. पंचावन्न वर्षांत पेरू आणि चिक्की तिने एका बैठकीत कधी खाल्ली नव्हती. तिला हे आजवर सुचलंही नव्हतं. शास्त्रीय वृत्तीला स्मरून तिने एक तुकडा तोंडात टाकला आणि तो चघळण्याऐवजी गालात धरून ठेवला.

"आबांना म्हणावं, एकदा सांगा," ती चिक्की गालात ठेवूनच म्हणाली. "पोथीचं नाव सांगा. नाहीतर मंगळवारी माझ्याकडे अर्धीच गोष्ट आहे."

"दाखव तो चौकोन," आई म्हणाली. तिने चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "भाजलेल्या जवाचं गार पाणी. डाव्या कुशीवर तासभर झोप." तिने चष्मा काढला. "हे शोधायला तू कुठं गेली होतीस म्हणालीस?"

"टोकियोला."

"किती दिवस?"

"दोन महिने."

आई हसली नाही. तिने सूयुएनकडे नुसतं पाहिलं, जसं हरवलेला चष्मा कपाळावर असलेल्या माणसाकडे बघतात.

"लहानपणी तुझं पोट दुखलं की मी काय द्यायचे?"

"जवाचं पाणी."

"आणि?"

सूयुएनने चिक्की गिळली. आणि कूस. डावी. भिंतीकडे तोंड करून, कारण पलंग त्या बाजूला होता. जगातली सगळी माणसं पोट दुखल्यावर डाव्या कुशीवर झोपतात असं तिला वाटत आलं होतं. म्हणून तर ते कुणाच्या तोंडचं असेल, ही शंकाच आली नव्हती. ते कुठल्या तरी ग्रंथात असणार, एवढीच खात्री होती.

"तुला माहीत होतं?"

"पन्नास वर्षं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"विचारलं कुणी? तू ग्रंथालयांना विचारतेस." आईने दुकानाकडे तोंड करून हाक मारली. "अहो, या इकडे. पोथी सापडली."

वडील आले. ताटलीकडे पाहून त्यांनी सवयीने चिक्की उचलून दुसऱ्या बशीत ठेवली आणि मग बसले. सांगायला त्यांना वेळ लागला. सूयुएनने वही काढली होती, ती त्यांनी मिटायला लावली.

१९७२च्या डिसेंबरातली गोष्ट. तोपर्यंत सदतिसाव्या चौकोनात मध आणि टोफू होते. टोफूवाला ओउ दर वर्षी जाहिरात देऊन तीनशे पंचांगं घेई. त्या वर्षी तो म्हणाला, तुमच्या तक्त्यामुळे बायका टोफू घेताना नाक मुरडतात, एक तर टोफू काढा नाहीतर माझी जाहिरात. वडिलांनी टोफू काढला. मग चौकोन रिकामा राहिला. दुसऱ्या दिवशी देवळात पंचांगं पोचवायची होती.

"रिकामा ठेवायचा," सूयुएन म्हणाली.

"पंचांगात?" वडिलांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने छपाईचा धंदा बुडवायला सांगितलं होतं. "रिकामा चौकोन म्हणजे वर्षभर रिकामी वाटी. लोकांनी पंचांग देवळाच्या पायरीवर आणून टाकलं असतं."

"मग?"

"मग तू आलीस."

"मी?"

"चार वर्षांची होतीस," आई म्हणाली. "सकाळपासून पेरू खात होतीस. कच्चे. सात खाल्लेस, देठ मी मोजले. मग चिक्कीचा पुडा सापडला तुला."

"आलीस ती थेट प्रूफावर ओकलीस," वडील म्हणाले. "बरोबर तक्त्यावर. मी वर बघितलं तर तोंड हिरवं. आई म्हणाली, जवाचं पाणी द्या, डाव्या कुशीवर निजवा. तासाभरात खेळायला लागलीस. मग मी बसून लिहिलं. जाहिरातींचे ठसे दोन्ही हाताशी होते, पेरू फळवाल्याचा, शेंग तेलघाण्याची. सगळं डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं. एक शब्द खोटा नाही."

"आबा, एका मुलावरून?"

"माझ्याकडे एकच होतं."

सूयुएनने मिटलेली वही बाजूला सारली. तिने पंचवीस वर्षं नमुन्याच्या संख्येवर व्याख्यानं दिली होती.

"आणि नंतर? पुढच्या वर्षी काढायचं होतं."

"काढणार होतो. पण पुढच्या वर्षी शेजारच्या गावच्या छापखान्यानं तो चौकोन उचलला. मग आणखी दोघांनी. मग आरोग्याच्या मासिकात आलं. म्हटलं, इतके लोक छापतायत, बघूनच छापत असतील." वडिलांनी बशीतली चिक्की नीट लावली. "मग जिल्ह्याच्या नियमावलीत आलं. शिक्क्यासकट. तेव्हा मला वाटलं, चला, आपण नकळत बरोबरच लिहिलं होतं."

अकरा वर्षांच्या संशोधनाचा निष्कर्ष यापेक्षा थोडक्यात सूयुएनला मांडता आला नव्हता.

"मंगळवारी मी नाव घेणार नाही," ती म्हणाली. "'एका स्थानिक मुद्रकाने' एवढंच लिहिते."

वडील उठले. दुकानात जाऊन त्यांनी प्रूफ पुन्हा हातात घेतलं. संध्याकाळी तिची गाडी सुटेपर्यंत त्यांचं पान उलटलं नव्हतं.

मंगळवारी दहा वाजता जिल्हा कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर समिती बसली. सूयुएनने नऊ पानी निवेदन वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर दार उघडून तिचे आईवडील आत आले. वडिलांनी लग्नाकार्याचं जाकीट घातलं होतं आणि त्यांच्या खांद्यावर पाच किलोचं पोतं होतं. ते मागच्या बाकावर बसले, पोतं मधे ठेवून.

"...हा चौकोन १९७२च्या डिसेंबरात एका स्थानिक मुद्रकाने, जागा भरण्यासाठी, एकाच प्रसंगाच्या आधारे घातला," सूयुएनने वाचलं.

"कोणत्या मुद्रकाने?" त्सेंग साहेबांनी विचारलं.

सूयुएनने कागद खालीवर केले. हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. स्वतःच्या विद्यार्थ्याने असं मोघम लिहिलं असतं तर तिने लाल शाईने 'कोण?' लिहून तो प्रबंध परत केला असता.

"मुद्रकाचं नाव..." ती म्हणाली आणि अडली.

मागून बाक सरकल्याचा आवाज आला. "ल्याव थ्येनवांग," वडील उभे राहून म्हणाले. "शिचियाओ. चूक माझी आहे. आणि 'स्थानिक मुद्रक' वगैरे काय, गावात छापखाना एकच आहे."

समितीतल्या दोघांनी चटकन मान खाली घातली. त्यांच्या घरी तेच पंचांग होतं.

त्सेंग साहेबांनी पेन उघडलं. "आणि तो प्रसंग? रुग्ण कोण?"

"मी," सूयुएन म्हणाली.

त्सेंग साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "म्हणजे संशोधक आपण, रुग्णही आपण. त्रयस्थ साक्षीदार कुणी?"

"फरशी मी पुसली," आई जागेवरूनच म्हणाली. "सात पेरू होते. कच्चे. तेही लिहा."

ते लिहिलं गेलं. इतिवृत्तात आजही आहे.

ठराव वीस मिनिटांत झाला: सदतिसावा चौकोन रद्द. सूयुएनने विचारलं, "आणि मांडव? साहेब, तुम्ही म्हणाला होतात, एक खांब पडला की..."

"पाडू. टप्प्याटप्प्याने." त्सेंग साहेबांचा चेहरा खरोखर ओशाळला होता. "पुढल्या बैठकीत अडतिसावा घेऊ. सध्या माझ्यापुढे दुसराच पेच आहे. दोनशे बारा स्वयंपाकघरांत अठ्ठेचाळीस चौकोनांचा तक्ता लागलाय. एक रिकामा सोडला तर पालक विचारतील, काय लपवलं. बाई, तिथे घालायला तुमच्याकडे काही आहे का? शास्त्रशुद्ध?"

सूयुएनने आपली नऊ पानं पुन्हा चाळली. समितीतल्या एका बाईंनी सुचवलं, "'जेवणाआधी हात धुवा'?" दुसऱ्याने विचारलं, हात कशाच्या विरुद्ध दाखवायचे.

"रिकामा ठेवा," वडील म्हणाले.

ते अजून उभेच होते. सूयुएनने वळून पाहिलं. जाकिटाचं वरचं बटण त्यांनी चुकीच्या काजात लावलं होतं, आणि हा माणूस अर्धं टिंब सुटलं तर पान फाडणारा होता.

"मीही यंदा रिकामाच छापणार," ते म्हणाले. "लोकांनी पायरीवर आणून टाकली तर टाकू देत. एकदा भरून बघितलाय मी तो. पन्नास वर्षं लागतात पुसायला."

त्सेंग साहेबांनी थोडा वेळ पेन फिरवलं आणि लिहिलं: चौकोन रिकामा ठेवावा.

वडिलांनी पोतं उचललं आणि सूयुएनच्या टेबलावर आणून ठेवलं. "चूक दाखवलीस. ने."

"मी कुठं दाखवली?" सूयुएन म्हणाली. "मी टोकियोला गेले होते. दाखवली आईनं."

"मग ठेवा इकडे," आई म्हणाली, आणि जिन्यावरून उतरताना तिने ते वडिलांच्याच खांद्यावर दिलं.

डिसेंबरात पंचांग निघालं. सदतिसाव्या चौकोनात काही नव्हतं. खाली बारीक अक्षरात होतं: 'येथे एक्कावन्न वर्षं चूक होती. चूक छापखान्याची.' देवळाच्या पायरीवर अकरा प्रती परत आल्या. वडिलांनी त्या मोजून घेतल्या आणि कुणाच्या आहेत ते विचारलं नाही. पहिल्या पानावर पोत्याची ओळ तशीच होती. पुढे त्यांनी भर घातली होती: 'आजवर गेलेली पोती: एक.'

जानेवारीत सूयुएनच्या मोठ्या आत्याने कुटुंबाच्या ग्रुपवर एक संदेश टाकला. फुलांच्या चित्रावर गुलाबी अक्षरं होती: सदतिसावा चौकोन रिकामा का, याचा विचार केलात का? तिथे जे होतं ते इतकं जहाल आहे की सरकारला छापता येत नाही. ही माहिती एका निवृत्त डॉक्टरांची आहे. आप्तांना कळवा.

तैपेईत सूयुएनने तो वाचला. तिने नवी फाइल उघडून तारीख टाकली आणि उत्तर लिहायला घेतलं. तीन परिच्छेद झाले होते. तेवढ्यात ग्रुपवर वडिलांचं नाव दिसलं. ते एका बोटाने टाइप करतात, त्यामुळे सगळं कुटुंब बराच वेळ वाट बघत राहिलं.

"ताई," अखेर उमटलं, "हे कुठून कळलं?"

खाली आईने एक फोटो टाकला. एकाच ताटलीत पेरूच्या फोडी आणि चिक्की, आणि ताटलीच्या कडेला वडिलांचा हात.